पहिला साप घरी आणताना: आधी पेटी, मग साप

साप घरी आणायच्या आधी आठवडाभर त्याची पेटी रिकामीच चालवा. दिवा लावलेला, ऊब चालू, पाण्याचं भांडं भरलेलं, आणि आत साप नाही. लोक हसतात. आमच्याकडे आलेले एक पाहुणे बराच वेळ काचेला नाक लावून साप शोधत बसले आणि शेवटी हळूच म्हणाले, "अहो, पळाला वाटतं तुमचा." हसू द्या. त्या आठवड्यात पेटीच्या दोन्ही टोकांचं तापमान सकाळ-रात्र टिपून ठेवा आणि आकडे जाग्यावर बसले की मगच साप आणा. सापाचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. खाल्लेलं पचवणं, कात टाकणं, आजाराला तोंड देणं, त्याचं सगळं बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालतं. कुत्र्याला जीव लावता येतो, मांजराचे लाड करता येतात; सापाच्या बाबतीत तुमच्या हातात असते ती त्याची पेटी. ती नीट ठेवायची आणि उरलेला वेळ त्याच्या वाटेला जायचं नाही. यातला दुसरा भाग नवख्यांना जास्त जड जातो.

मी मूळचा शिराळा तालुक्यातला, आता इंग्लंडात स्विंडनला. कारखान्यात विजेच्या देखभालीचं काम करतो, त्यामुळे पुढे वायरी आणि प्रोब (वायरीच्या टोकाला असलेलं, तापमान मोजणारं टोक) यांच्यावर जरा जास्तच बोलणार आहे. घरात एक कॉर्न स्नेक आहे. नारिंगी रंगाची, कायम वेटोळं घालून बसणारी, म्हणून नाव जिलबी. हट्ट थोरल्या लेकीचा, खरेदी मात्र माझ्या नावावर. इंग्लंडात सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, आणि मुलाच्या प्राण्याची कायदेशीर जबाबदारी आईबापावरच येते. तशीही ती तुमच्यावरच येणार आहे. नीट ठेवला तर हा साप पंधरा-वीस वर्षं जगतो. आज नऊ वर्षांची असलेली मुलगी शिकायला घराबाहेर पडेल तेव्हाही पेटीतला दिवा तुम्हीच लावत असाल.

भारतातून वाचणाऱ्यांनी आधी कायदा समजून घ्यावा. आपल्याकडचा कुठलाही साप पकडून पाळायचा नाही, मग तो बिनविषारी असो की शेतात रोज दिसणारा. नाग, अजगर, घोणस, धामण हे सगळे २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यातल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. बॉल पायथनसारखे जे परदेशी साप साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात, त्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. घरात साप निघाला तर महाराष्ट्र वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, बरणी शोधू नका. पुढचं सगळं जिथे साप पाळणं कायद्यात बसतं तिथल्या मराठी घरांसाठी.

कुठला साप आणि कुठून

पहिल्यांदा पाळणार असाल तर कॉर्न स्नेक घ्या. हा अमेरिकेचा, न्यू जर्सीच्या दक्षिण भागापासून फ्लोरिडापर्यंतचा. बिनविषारी, भक्ष्याला आवळून मारणारा, वाढून साधारण चार ते पाच फुटांचा होतो. खायला नखरे कमी, हवा फार दमट लागत नाही, आणि हातात घेतल्यावर शांत राहतो. दुकानदार बॉल पायथन पुढे करेल. तोही गरीब स्वभावाचा आहे, पण महिनोन्‌महिने जेवण नाकारण्यासाठी तो प्रसिद्ध आहे आणि पहिल्याच वर्षी तो घोर लावून घ्यायची गरज नाही.

पिल्लू पैदास केंद्रातलं असावं, रानातून पकडलेलं नसावं. विक्रेत्याकडे त्याच्या जेवणाची वही मागा: अंड्यातून कधी निघालं, किती वेळा खाल्लं, गोठवून वितळवलेला उंदीर खातं का. निदान पाच-सहा वेळा स्वतःहून न खाल्लेलं पिल्लू घेऊ नका, कितीही सुंदर रंगाचं असलं तरी. हातात घेऊन बघा. अंग गोल आणि घट्ट लागलं पाहिजे, जीभ सारखी आतबाहेर होत राहिली पाहिजे, डोळे स्वच्छ, नाकाशी फेस नको, शेपटीच्या मुळाशी घाण चिकटलेली नको. खवल्यांच्या मध्ये किंवा हनुवटीखाली काळे हलणारे ठिपके दिसले तर त्या माइट्स, म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक परजीवीच समजा. त्या दुकानातून काहीच घेऊ नका. रंगांवर पैसे घालवायची घाई नको. साधा नारिंगी-तपकिरी साप आणि दुधी पांढरा साप यांची भूक आणि ऊब एकच असते.

एक हिशेब आधीच करा. साप चाळीस-पन्नास पौंडांत मिळून जाईल. पेटी, दिवे, थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान राखणारं उपकरण), आडोसे यांना त्याच्या पाच-सहा पट लागतील. साप घेतल्यावर उरलेल्या पैशांत पेटी बसवायला गेलं की पहिली काट थर्मोस्टॅटलाच लागते.

पेटी

पूर्ण वाढलेल्या सापाला १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच अशी पेटी धरून चाला. सापाला अंग सरळ ताणून पडता आलं पाहिजे. पिल्लाला सुरुवातीला लहान डबा चालतो, मोठी पेटी दिलीत तरी हरकत नाही, फक्त आत लपायला भरपूर हवं. उघड्या माळरानासारखी पेटी असेल तर पिल्लू घाबरून खाणं सोडतं.

लपायच्या जागा कमीत कमी दोन: एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला. हे का, ते नीट समजून घ्या. सापाला एकच आडोसा दिला आणि तो थंड बाजूला असला, तर सापापुढे पेच पडतो: ऊब घ्यायची की लपून राहायचं. तो लपणं निवडतो, थंडीत बसून राहतो, आणि पोटातला उंदीर तसाच राहतो. आडोसा अंगाला घासेल इतका घट्ट हवा; प्रशस्त गुहा आपल्याला आवडते, त्याला तीन बाजूंनी भिंत लागली की सुरक्षित वाटतं. तिसरा एक झाकणाचा डबा ठेवा, भोक पाडलेला, आत ओलसर शेवाळ. कात टाकायच्या दिवसांत तो उपयोगी पडतो.

खाली अंथरायला अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा उत्तम. त्यात सापाला बोगदे करता येतात. देवदार आणि पाइनचा भुसा नको, त्याच्या वासाचं तेल सापाच्या फुप्फुसाला बाधतं. पाण्याचं भांडं जड आणि साप आत बसू शकेल एवढं. पाणी रोज बदला. एखादी आडवी फांदी टाका. कॉर्न स्नेक चांगला चढतो आणि संध्याकाळी तिच्यावर त्याची हालचाल बघायला मिळते, तेवढीच तुमची करमणूक.

दाराची काच सरकती असेल तर कुलूप लावाच. डोकं गेलं तिथून अख्खा साप जातो, आणि पिल्लाचं डोकं तुमच्या करंगळीच्या नखाएवढं असतं.

ऊब: इथे घाई नको

उबदार टोक २८ ते ३० अंश, दिव्याखालची जागा ३१-३२ पर्यंत चालते. थंड टोक २० ते २४. रात्री सगळीकडे विशीपर्यंत उतरलं तरी बिघडत नाही. आर्द्रता ४० ते ६० टक्के. हे आकडे पाठ करायला दोन मिनिटं लागतात, पाळायला मात्र उपकरणं लागतात.

पहिला नियम: थर्मोस्टॅटशिवाय कुठलंही ऊब देणारं साधन पेटीला जोडायचं नाही. हीट मॅटच्या, म्हणजे विजेवर तापणाऱ्या पातळ चटईच्या खोक्यावर 'कमी वॅट' लिहिलेलं असतं म्हणून लोक ती थेट प्लगमध्ये घालतात. वॅट कमी असले तरी उष्णता बाहेर जायला वाट नसेल तर तापमान चढतच राहतं. मॅट जमिनीवर ठेवून वर चार बोटं भुसा टाकला की तो भुसा गोधडीचं काम करतो. आता थर्मोस्टॅटचा प्रोब भुशाच्या वर ठेवलात, तर तो वरचे ३० अंश मोजून समाधानी असतो आणि खाली मॅटचा पत्रा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. कॉर्न स्नेक भुशात घुसून नेमका तिथेच जाऊन पडतो. सापाला पोटाखालची भाजणारी ऊब चटकन उमगत नाही, तो पडून राहतो, आणि दोन दिवसांनी पोटाच्या खवल्यांवर लालसर फोड दिसतात.

म्हणून प्रोब कुठे ठेवायचा याचं एकच उत्तर: साप पोचू शकेल अशा सर्वांत गरम जागी. मॅट असेल तर मॅटच्या अगदी वर, भुशाच्या खाली. वरून दिवा असेल तर त्याच्या झोताखाली, सापाच्या पाठीच्या उंचीला. प्रोब तिथून हलता कामा नये. साप त्याला ढकलतो, त्याच्यावर बसतो, पाण्याच्या भांड्यातही पाडतो. भांड्यात पडलेला प्रोब 'थंड आहे, थंड आहे' असं सांगत राहतो आणि थर्मोस्टॅट ऊब वाढवत राहतो. वायरीला स्क्रूची क्लिप मारून प्रोब पक्का करा. चिकटपट्टी मात्र पेटीच्या आत कधीच नाही. तिची कड सुटते, सापाला चिकटते, आणि सोडवताना खवले निघतात.

थर्मोस्टॅटचे प्रकार दुकानात सगळे सारखे दिसतात. हीट मॅटला साधा चालू-बंद होणारा चालतो. उजेड देणाऱ्या दिव्याला डिमिंगचा, म्हणजे दिवा हळूहळू मंद-प्रखर करणारा लागतो, नाहीतर दिवा दिवसभर लुकलुकत राहील आणि लवकर जाईल. उजेड न देता ऊब देणाऱ्या सिरॅमिक हीटरला पल्सचा, म्हणजे थांबून थांबून वीज सोडणारा. लाकडी पेटी असेल तर मॅट बाहेरून खाली लावून उपयोग नाही, लाकूड ऊब अडवतं. छताला दिवा बसवा आणि त्याला जाळीचा पिंजरा घालाच. साप दिव्याला विळखा घालतो, तो भाजेपर्यंत.

थर्मोस्टॅटवर दिसणारा आकडा हा त्याचा दावा समजा. पडताळणीसाठी दोन स्वस्त डिजिटल थर्मामीटर दोन टोकांना ठेवा. पृष्ठभाग मोजायला बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर बरंच. काचेला चिकटवायचे गोल काट्यांचे थर्मामीटर घेऊ नका, ते काचेचं तापमान सांगतात. अतिनील किरणांची ट्यूब हल्ली बहुतेक जाणकार लावायला सांगतात. ५ ते ७ टक्क्यांची सौम्य, दिवसाचे बारा तास, टायमरवर. रात्री अंधार हवा, लाल किंवा निळे 'रात्रीचे' दिवे नकोत.

आणि वायरी पेटीत नेताना बाहेर प्लगपर्यंत एक झोल सोडा, प्लगच्या पातळीच्या खाली जाणारा. पाण्याचं भांडं उलटलं तर वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या झोलाच्या तळाशी गळतं, सॉकेटमध्ये जात नाही.

पहिला आठवडा

साप आणलात की पेटीत सोडा आणि पाच ते सात दिवस हात लावू नका. पाणी बदलायला हात आत जाईल तेवढाच. फोटो नाहीत, मित्रांना दाखवणं नाही, 'जरा काढून बघू' नाही. मुलांना हे सांगणं म्हणजे दिवाळीच्या पहाटे फटाक्यांचा डबा कपाटात ठेवण्यासारखं आहे, पण सांगा. या दिवसांत साप दिवसभर आडोशात असेल आणि तुम्हाला वाटेल की आजारी आहे. तो ठीक आहे. रात्री दिवे गेल्यावर तो पेटीची मापं घेत फिरतो, सकाळी भुशातल्या वळणदार चरांवरून ते कळतं.

पिल्लू पहिल्यांदा शेपटी थरथरवेल, कोरड्या पानांत ती खुळखुळ्यासारखी वाजते. चावायला झेपावेलही. पिल्लाचा चावा म्हणजे काटा लागल्याइतका. त्यापेक्षा ते शेपटीखालून सोडतं त्या घाणीचा वास जास्त लक्षात राहतो. हात झटकून मागे घेतला की त्याला कळतं की ही युक्ती चालते. हात शांत ठेवा.

जेवण, आणि ते ठेवायचं कुठे

आठवडा झाला की पहिलं जेवण. कॉर्न स्नेक उंदीर खातो, संपूर्ण उंदीर, गोठवून विकलेला. कोंबडीचे तुकडे, अंडं, पनीर यांपैकी काहीच नाही. अख्ख्या उंदरातून हाडं, यकृत, सगळं मिळतं आणि त्याला वेगळं जीवनसत्त्व लागत नाही. जिवंत उंदीर देऊ नका. तो उंदरावर अन्याय आहेच, शिवाय कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला चावून गंभीर जखमी करतो.

आमच्या घरी इथेच अडलं होतं. बायको पंढरपूरकडच्या माळकरी घरातली. साप तिला चालला, तिने अट घातली ती अशी: "साप आणा, पण माझ्या फ्रीजरात उंदीर दिसला तर साप आणि तुम्ही, दोघंही गॅरेजात." गॅरेजात एक छोटा फ्रीजर आला. माळकरी नसलात तरी हेच करा. उंदरांसाठी वेगळा फ्रीजर, वेगळा चिमटा, वेगळं भांडं, वेगळी कात्री. सापांच्या आणि उंदरांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, आणि ते स्वयंपाकघरात नेणारे आपणच असतो.

आकार कसा ठरवायचा? सापाचं अंग सर्वांत जाड जिथे असेल तेवढी उंदराची जाडी, फार तर किंचित जास्त. पिल्लाला 'पिंकी', म्हणजे बिनकेसाचं गुलाबी पिल्लू, पाच ते सात दिवसांनी एक. साप वाढेल तसा उंदीर मोठा आणि मधला वेळ लांब. मोठ्या सापाला दोन आठवड्यांनी एक उंदीर पुरतो. आपल्या लोकांना हे पटत नाही. "दोन आठवडे उपाशी?" असं म्हणत प्रत्येक पाहुणा हळहळतो, आणि त्या हळहळीपायी पाळलेले साप लठ्ठ होतात. खवल्यांच्या मधली कातडी दिसू लागली, किंवा शेपटीच्या सुरुवातीला अंग एकदम फुगीर वाटलं, तर जेवणं कमी करा.

गोठलेला उंदीर बंद पिशवीत रात्रभर सापाच्या सामानाच्या वेगळ्या डब्यात, थंड जागी वितळू द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीसकट नळाच्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. मायक्रोवेव्ह नको, उंदीर फुटतो, आणि ते साफ करायला कुणीच पुढे येत नाही. पिशवीतून काढून पोट चिमटीत दाबून बघा. बाहेरून ऊन आणि आतून बर्फाचा खडा असेल तर परत पाण्यात. कागदाने कोरडा करा, पंचवीसेक सेंटिमीटरच्या चिमट्याने शेपटीच्या बाजूला धरा आणि सापाच्या थोडं बाजूला, जिवंत असल्यासारखा हलवा.

मग जे होतं ते बघण्यासारखं असतं. जीभ आधी सावकाश, मग भरभर. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे दुमडते. क्षणभर काहीच नाही. झेप इतकी जलद असते की चिमटा हलका झाल्यावर कळतं, आणि तोवर उंदराभोवती तीन वेढे पडलेले असतात. मेलेल्या उंदरालाही तो पुरता आवळतो. त्यानंतर तो वेढे सैल करून जिभेने डोकं शोधतो, कारण डोक्याकडून गिळलं की पाय आणि केस अडत नाहीत. जबड्याची डावी बाजू पुढे, मग उजवी, मग डावी, असा तो उंदरावरून स्वतःला ओढत नेतो. शेवटी मोठी जांभई देऊन जबडा जागच्या जागी बसवतो. दिवा मंद ठेवा आणि खोलीत वर्दळ नको.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. पोट भरलेला साप उचलला किंवा पेटी थंड पडली तर तो उंदीर उलटून टाकतो. तसं झालं तर लगेच दुसरा देऊ नका. आतड्याला सावरायला दहा-चौदा दिवस द्या, तापमान तपासा, आणि पुढचं जेवण निम्म्या आकाराचं. परत उलटलं तर डॉक्टर.

नाकारलं तर? उंदीर रात्रभर आत ठेवा, सकाळी उचलून टाकून द्या, परत गोठवू नका, आठवड्याने पुन्हा बघा. कात टाकायची वेळ आली असेल, थंडी असेल, किंवा वसंतात नर असेल तर साप खात नाही. धष्टपुष्ट मोठा साप महिनाभर जेवला नाही तरी हातपाय गाळायचं कारण नाही. त्याला दर पंधरवड्याला वजनकाट्यावर ठेवा, अर्थात वेगळ्या. वजन दहावा हिस्सा उतरलं तर मात्र दाखवा. पिल्लांच्या बाबतीत इतका धीर नको.

आणि दूध. माझी आई शिराळ्याहून फोनवर अजून विचारते, "आरं, दूध पाजतुयास का न्हाई तिला?" आमच्या गावाकडे नागपंचमीला जिवंत नाग धरून पूजायची प्रथा होती, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती बंद झाली, पण वाटीतलं दूध मनातून जात नाही. सापाला दूध पचत नाही. गारुड्याचा साप दूध पितो तो तहानेने कासावीस झालेला असतो म्हणून; अनेकदा ते त्याच्या फुप्फुसात जातं. आता आई पंचमीला चित्रापुढे वाटी ठेवते आणि इथे जिलबीला ताजं पाणी मिळतं.

हातात घेणं

दोन-तीन जेवणं नीट पचली की मग हातात घ्या. उंदराचा वास नको म्हणून आधी हात धुवा, जंतूंसाठी नंतरही धुवा. वरून झडप घालून पकडू नका, वरून येतं ते घार किंवा घुबड असतं. बाजूने हात न्या, अंगाच्या मध्यावर हलका स्पर्श करा म्हणजे त्याला कळेल की हे जेवण नाही, मग दोन्ही तळव्यांवर पूर्ण अंग घ्या. डोकं धरायचं नाही. हातावरून हातावर सरकत जाऊ द्या, सुरुवातीला पाच-दहा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. जमिनीवर बसून करा, म्हणजे पडला तरी उंचावरून नाही. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि आजारी-वृद्ध माणसं यांनी लांबूनच बघितलेलं बरं.

त्याला तुमचा लळा लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला तुमची सवय होते. माझ्या मते तेही थोडं नाही.

कात

पिल्लू महिना-दीड महिन्याने कात टाकतं, मोठा साप वर्षातून काही वेळाच. आधी रंग मळकट होतो, मग डोळ्यांवर निळसर दुधी साय येते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो चिडका होतो. जेवण नाही, हाताळणं नाही, ओलं शेवाळ नव्याने भिजवा. डोळे पुन्हा स्वच्छ झाले की दोन-चार दिवसांत एके सकाळी पेटीत उलट्या मोज्यासारखी कात पडलेली असते.

ती टाकून देऊ नका, आधी खिडकीशी धरून बघा. डोक्याच्या टोकाला दोन गोल चकत्या दिसल्या पाहिजेत, एकेक डोळ्याची. शेपटीचं टोक अखंड असलं पाहिजे. शेपटीवर जुनी कातडी राहिली तर ती आवळत जाते आणि टोक झडतं. कोमट ओलं फडकं घातलेल्या, हवेची भोकं असलेल्या डब्यात सापाला अर्धा तास ठेवा, फडक्यातून सरकताना ती निघते. डोळ्यावरची चकती राहिली असेल तर नखाने किंवा चिमट्याने खरवडू नका. आर्द्रता वाढवा, पुढच्या कातीची वाट बघा किंवा डॉक्टरांकडे न्या. तुकड्यातुकड्यांत कात निघाली तर पेटी कोरडी आहे.

डॉक्टर, पळापळ आणि भारतवारी

साप दुखणं लपवतो, त्यामुळे जे दिसेल ते गांभीर्याने घ्या: तोंड उघडं ठेवून मान वर करून श्वास, नाकाशी बुडबुडे, श्वासाला खरखर, पोटाच्या खवल्यांवर डाग, पाण्यात तासन्‌तास बसणं. गल्लीतला प्रत्येक पशुवैद्य साप बघत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर साप आणण्याआधीच शोधून ठेवा. साप नेताना उशीच्या अभ्र्यात घालून गाठ मारायची आणि तो अभ्रा डब्यात ठेवायचा. थंडीत गाडी आधी गरम करा.

पळाला तर बहुतेक वेळा तो त्याच खोलीत, उबेच्या जागी असतो: फ्रिजच्या मागे, बॉयलरच्या कपाटात, सोफ्याच्या पोटात. खोलीचं दार बंद करा, फटीत टॉवेल कोंबा. झोपताना दारांपाशी पिठाची पातळ रेघ ओढा, सकाळी पीठ कुठे पुसलं गेलंय त्यावरून दिशा कळते. शेजाऱ्यांना सांगा, लाज वाटेल, पण त्यांच्या बाथरूममध्ये सापडल्यावर सांगण्यापेक्षा बरं.

राहिला प्रश्न सुट्टीत गावी जायचा. तीन आठवड्यांसाठी जाणार असाल तर मोठ्या सापाला निघायच्या चार-पाच दिवस आधी जेवू घाला, आणि शेजाऱ्याकडे फक्त दोन कामं सोपवा: दर दोन दिवसांनी ताजं पाणी आणि दोन्ही थर्मामीटरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. जेवू घालायला सांगू नका. पिल्लू असेल, किंवा मुक्काम लांबणार असेल, तर साप सांभाळणाऱ्या जाणकाराकडे ठेवणं योग्य. पेटीवर एका कागदावर चार गोष्टी लिहा: तापमान किती असावं, किती झालं तर फोन करायचा, डॉक्टरांचा नंबर, आणि दार उघडल्यावर कुलूप परत लावायचं आहे हे. गॅरेजातल्या छोट्या फ्रीजरवर मोठ्या अक्षरांत लिहा, 'उघडू नये, बंद करू नये.' आमच्या मित्राची बायको फार प्रेमळ आहे. आपण गावाहून यायच्या आत घर आवरून ठेवते.